खळ्यावरचा सरकारी तंबू

सरकारी तंबू ओला असताना उतरवू नये, असा नियम आहे, आणि नियम अगदी बरोबर आहे. ओलं कापड घडी घालून बांधलं तर त्याला बुरशी लागते, काळे ठिपके पडतात आणि पुढच्या हंगामात तेच कापड साहेबाच्या डोक्यावर फाटतं. बुलढाणा जिल्ह्यात त्या काळी रयतेच्या डोक्यावरचं छप्पर फाटलं तर ती दैवाची मर्जी समजली जाई. साहेबाच्या डोक्यावरचं फाटलं तर चौकशी बसे. म्हणून भगवंतराव पाटलांच्या खळ्यावर उभा असलेला तंबू वाळल्याखेरीज हलवायचा नाही, या हुकमाबद्दल सुरुवातीला कोणीच तक्रार केली नाही. भगवंतरावांनीही नाही.

वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला होता आणि राज्य बदललं नसलं तरी दौरे वाढले होते. दर हिवाळ्याला कोणी ना कोणी साहेब उंद्रीकडून डोंगरखेडला येई, गावाबाहेरच्या अमराईत मुक्काम करी आणि पुढे जाई. त्या वर्षी मात्र आधीच्या मुक्कामाला वानरांनी मडमेची टोपी पळवली होती. तेव्हा यापुढे छावणीच्या जागी झाड नसावं, जमीन सपाट असावी आणि केरकचरा नसावा, असं ठरलं. जागा बघायला तालुक्याहून नारायणराव कारकून आले. डोंगरखेडात अशी जागा एकच होती, ती म्हणजे पाटलांचं खळं.

खळं नुकतंच तयार झालं होतं. माती भिजवून, वर बैल फिरवून ती दाबली होती आणि पाटलीण सुभद्राबाईंनी स्वतः शेणानं सारवली होती. बैल ज्याच्याभोवती फिरतात तो तिवडा, म्हणजे मधला खांब, पूजा करून, नारळ फोडून रोवला होता. एकदा तिवडा रोवला की त्या साली मळणी तिथंच करायची, दुसरं खळं केलं तर धान्याची बरकत जाते, अशी पाटलांच्या घराण्याची रीत होती. खळ्याशेजारी ज्वारीच्या कणसांची रास पडली होती. घरच्यांचं खाणं, गड्यांचा वाटा, पुढल्या सालचं बियाणं, सगळं त्या राशीत होतं.

खळ्यावर जोडा घालून पाय ठेवायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नारायणराव जोड्यांसकट मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "पाटील, जागा उत्तम आहे. साहेबांची मर्जी बसेल." भगवंतरावांची छाती फुगली. नाही म्हणायची हीच वेळ होती, पण छाती फुगलेल्या माणसाच्या तोंडून नाही निघत नाही. खळं आपलंच समजा, असं ते म्हणून गेले. मळणी कुठं करायची, असं सुभद्राबाईंनी दाराआडून विचारलं, तेव्हा त्यांनी दोन दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणून सांगितलं.

तंबूचा मधला खांब नेमका तिवड्याच्या जागी येत होता, म्हणून तिवडा उपटला. सारवलेल्या जमिनीत चारी बाजूंनी मेखा ठोकल्या. साहेबांनी मुक्काम केला, तितर मारले, रयत सुखी आहे का म्हणून विचारलं, रयतेनं आहे म्हणून सांगितलं, आणि साहेब चिखलीकडे निघून गेले. साहेबाला तंबू दोन असतात. एकात तो राहतो तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी उभा होत असतो. तंबू ठोकणारे खलाशी पुढच्या तंबूकडे गेले. मागचा तंबू वाळला की तो बांधून गाडीनं पाठवायचा, आणि तो वाळला हे ठरवायला नारायणराव मागं राहिले. अर्थात पाटलांच्या घरी.

नारायणराव मोठे काटेकोर गृहस्थ होते. रोज दिवस उगवताना ते तंबूपाशी जात आणि कापडावर तळहात ठेवत. हिवाळ्याचे दिवस, रात्रभर दव पडलेलं. तळहात ओला होई. ओला आहे, असं जाहीर करून ते न्याहारीला परतत. दुपारी तंबू पापडासारखा कडक वाळे. भगवंतराव धावत घरी येत आणि आता हात लावून बघा म्हणत. तोवर नारायणरावांचं पुरणावरणाचं जेवण होऊन ते आडवे झालेले असत.

"पाटील," ते डोळे मिटूनच म्हणाले, "दुपारी तो कोरडा असतो तो उन्हामुळे. मुळात कोरडा आहे की नाही, हे सकाळीच कळतं."

भगवंतरावांना यात काही चूक सापडली नाही. ही त्यांची पहिली प्रगती होती.

तंबू उभा आहे तोवर त्याची निगा राखणं आलं. दवानं दोर आखडतात, म्हणून संध्याकाळी ते सैल सोडायचे. उन्हानं ढिले पडतात, म्हणून सकाळी पुन्हा ताणायचे. सरकारी दोराला गड्यानं हात लावू नये, म्हणून हे काम पाटील स्वतः करू लागले. मेखांना बकरी बांधू नये, कापडाला पाठ टेकू नये, आत कोणी शिरू नये. घरच्या बैलांना वैरण घातली की नाही हे न विचारणारे भगवंतराव कापडावर कावळा बसला तरी हातातलं ताट सोडून उठू लागले.

हळूहळू आसपासच्या गावांतले लोक तंबू बघायला येऊ लागले. पाटील त्यांना लांबून आतलं पिवळं अस्तर दाखवत, मेख तिरपी का ठोकतात ते समजावून देत. बोलता बोलता 'सरकारी तंबू'चा 'आपला तंबू' कधी झाला, ते त्यांनाही कळलं नाही. सुभद्राबाईंना मात्र कळलं. राशीवर बसणाऱ्या चिमण्या त्या एकट्याच हाकलत होत्या.

मग आभाळ भरून आलं. मळणीच्या दिवसांत आभाळ आलं की शेतकरी आधी राशीकडे धावतो. सुभद्राबाईंनी सुचवलं की रास तंबूत न्यावी. एवढी मोठी जागा रिकामी पडली आहे, छप्पर आहे, आणि जमीन तर आपलीच आहे. भगवंतरावांनी भीत भीत ते नारायणरावांपुढं मांडलं. धान्य आलं की उंदीर येतात आणि उंदीर आले की कापड कुरतडतात, असं उत्तर मिळालं. शिवाय नारायणरावांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. दवानंच जो तंबू वाळत नाही, तो पावसात भिजला तर होळीपर्यंत वाळायचा नाही. तोवर खळं अडकणार. खळं अडकलं तर मळणी अडकणार.

भगवंतराव अंगणात येरझाऱ्या घालत विचार करू लागले. मळणी व्हायची तर खळं मोकळं हवं. खळं मोकळं व्हायचं तर तंबू उतरायला हवा. तंबू उतरायचा तर तो भिजता कामा नये. म्हणजे ज्वारी वाचवायची तर आधी तंबू वाचवायला हवा. गणित चोख होतं. रास झाकायला म्हणून कडबा रचून ठेवला होता, तो सगळा तंबूवर घालायला त्यांनी गड्यांना सांगितलं.

सुभद्राबाई राशीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"कडबा राशीवर घाला," त्या म्हणाल्या. "तंबू पावसासाठीच असते ना? त्याले काऊन झाकून राह्यले तुमी?"

"तुले समजत नाही. थो भिजला त खळं जाते आपलं."

"अन् रास भिजली त?"

"रास घरची हाये," भगवंतराव म्हणाले. "तिच्यासाठी कोणी जाब इचारत नाही."

"मी इचारतो ना," सुभद्राबाई म्हणाल्या.

भगवंतरावांनी मान फिरवली. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाज ही घरातली गोष्ट आणि तंबू सरकारी.

तंबू मोठा होता, कडबा पुरेना. मग पोती आणली, घोंगड्या आणल्या, बैलांच्या झुली आणल्या. गावात बातमी पसरली की तंबूवर कोणी काय घातलं याची नारायणराव आठवण ठेवणार आहेत. त्याबरोबर लोक आपापल्या घरचा कडबा घेऊन धावत आले. ज्यांच्या स्वतःच्या राशी उघड्या होत्या तेही आले. शेवटी सुभद्राबाईंच्या माहेरची, वडनेर भोलजीहून आलेली गोधडीसुद्धा तंबूच्या शेंड्यावर चढली.

पाऊस आला तो गारांसकट आला. वारा कडबा उडवू लागला, तेव्हा गावातले पुरुष चारी बाजूंनी दोर धरून उभे राहिले. सगळे नखशिखान्त भिजले. आत जायची कोणालाच परवानगी नव्हती. फक्त नारायणराव आत होते, कारण कुठं गळतं का हे आतूनच कळतं. सुभद्राबाईंनी आपलं लुगडं आणि घरात उरलेली दोन तरटं राशीवर टाकली होती. त्यानं जेवढं झाकायचं तेवढं झाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नारायणरावांनी कडब्याखाली हात घातला आणि तळहात न्याहाळला. वर एवढं पांघरूण असल्यावर पाऊस काय, दवही कापडापर्यंत पोचलं नव्हतं. "कोरडा," ते म्हणाले, "आणि मुळात कोरडा."

तंबू उतरवण्याचा सोहळा दुपारपर्यंत चालला. घडीत काडी राहिली तर कापड कापतं, म्हणून भगवंतरावांनी गुडघ्यांवर बसून एकेक काडी वेचली. मेखा धुऊन, पुसून, मोजून पोत्यात भरल्या. तंबू पाटलांच्या गाडीत चढला, वर झूल पडली, आणि गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत गाव उभं होतं. काही डोळे पाणावलेही होते.

खळं मोकळं झालं. नव्यानं सारवावं लागणार होतं एवढंच, पण सारवून काही उपयोग उरला नव्हता. चार दिवसांत राशीतल्या कणसांना हिरवे कोंब फुटले आणि आतला दाणा काळा पडला. बैलांनीही त्याला नाक मुरडलं. सुभद्राबाई भावाकडून धान्य आणायला वडनेरला गेल्या. जाताना कोणावर ओरडल्या नाहीत, आणि त्याचाच भगवंतरावांना जास्त त्रास झाला. पण फार दिवस नाही. उन्हाळ्यात तालुक्याच्या दरबारात साहेबांनी त्यांना 'सरकारी मालमत्तेची अनुकरणीय निगा' याबद्दल फेटा बांधला आणि हात हातात घेतला. तो हात भगवंतराव घरी येईपर्यंत जपून, जरा अंगापासून लांब धरून चालत होते.

पुढल्या हिवाळ्यात पीक बरं आलं. खळं झालं, तिवडा रोवला, रास पडली. नारायणराव घोड्यावरून आले, पाटलांना रामराम केला आणि न थांबता शेजारच्या गावी मोतीराम पाटलांच्या खळ्याकडे गेले. सुभद्राबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि उद्याच मळणी धरू म्हणाल्या. भगवंतराव ताटावरून उठले. मोतीरामाच्या खळ्याला उतार आहे, आपल्यात काय कमी पडलं, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. मग त्यांनी फेटा बांधला आणि भर उन्हात मोतीरामाच्या गावी चालत गेले.

नारायणराव नुकतेच जेवून आडवे होत होते. भगवंतराव हात जोडून उभे राहिले.

"रावसाहेब, औंदा आमच्याकडेच येजा," ते म्हणाले. "कडबा आधीच बाजूले काढून ठेवला हाये."

"आणि ज्वारी?" नारायणरावांनी जांभई देत विचारलं.

"जवारीचं काय, थे त दरसाल पिकते."

भगवंतरावांना आपण आता खुशाल हसावं. मात्र हसण्याआधी घरातल्या भिंतीकडे एकदा बघून घ्यावं. तिथं एखाद्या मोठ्या माणसाच्या शेजारी आपण हात जोडून उभे आहोत असा फोटो टांगलेला असेल, तर तो काढला त्या दिवशी घरचं काय भिजत पडलं होतं, तेवढं आठवून पाहावं.