फरशी घर बघायला येते

कॉलनीत न्हाणीघराची फरशी बसवायची म्हणजे आधी फरशीनं घर बघायला यायचं आणि तिला पसंत पडलं तरच गवंडी बोलवायचा, अशी रीत होती. खराड्यांकडे फरशी येणार होती, त्या सकाळी शेजारच्या तावरेबाई बोलावणं नसताना वेळेआधी जाऊन बसल्या. पोहे परतायला कुणीतरी लागतंच.

खराड्यांचं जरा नाजूक होतं. कृष्णाबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून सून जयश्री त्यांना खुर्चीत बसवून, दार उघडं ठेवून आंघोळ घालत होती. सून गुणाची. पण कृष्णाबाईंना दार लावून एकटीनं आंघोळ करायची होती. डॉक्टर म्हणाले होते, आधी पाय घसरणार नाही अशी फरशी बसवा, मग बघू.

दुकानातले चोपडे पिशवीतून दोन फरश्या घेऊन आले. त्यांना पाटावर ठेवलं. फरश्यांच्या वाटचे पोहे रीतीप्रमाणे चोपड्यांनीच खाल्ले.

पहिली पांढरी, चकचकीत. न्हाणी बघून "उजेड बरा आहे," म्हणाली. जयश्रीला ती फार आवडली. तावरेबाईंनी मात्र विचारलं, "ओल्या पायाचं माणूस धरता का तुम्ही?"

"धरायचं माझ्याकडे नाही. मी दिसायला आहे."

तिला मानानं परत पिशवीत ठेवलं.

दुसरी करडी, बारक्या तुकड्यांची, हाताला खरखरीत लागणारी. तिनं न्हाणीचा उतार विचारला, मग पाणी विचारलं. पाणी बोअरचं आणि खारं, हे जयश्रीनं कबूल केलं.

"म्हणजे पांढरा थर धरणार," फरशी म्हणाली. "आंघोळ झाली की लगेच पाणी ओढून काढायचं. आठवड्याला कपड्याची पावडर आणि मऊ ब्रश घेऊन सांधे घासायचे. ॲसिड घरात नको."

"नाहीच आमच्याकडे," जयश्री म्हणाली. ॲसिडची बाटली तावरेबाईंनी सकाळीच पदराखालून आपल्या घरी नेली होती.

"आंघोळीआधी तेल कोण लावतं?"

"कुणी नाही," तावरेबाई म्हणाल्या.

"मी लावते," कृष्णाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून. अंगाला, तळपायाला."

तावरेबाईंनी कपाळावर हात मारला. "मावशी, बघण्याच्या कार्यक्रमात एवढं खरं बोलतं का कुणी?"

"हिच्यावर उभं मला राहायचंय. तुला नाही."

चोपड्यांचा चमचा थांबला. फरशी म्हणाली, "पाय ठेवून दाखवा."

चोपड्यांनी फरशी खाली, कृष्णाबाईंच्या खुर्चीपुढं ठेवली. जयश्री आधार द्यायला वाकली, तिला फरशीनं "राहू द्या" म्हटलं. कृष्णाबाईंनी बसल्या बसल्या पाय टेकवला. तो थरथरत होता. बराच वेळ थरथरला, मग निवला.

"पाय घाबरलेला आहे," फरशी म्हणाली. "घाबरलेला पाय मी धरते. तेलाचा पाय माझ्याच्यानं धरवत नाही, ते आधीच सांगते. तेल आंघोळीनंतर, बाहेर बसून."

"आंघोळीनंतर तेल? आमच्यात असं कुणी केलेलं नाही."

"मग मला जाऊ द्या. उगाच तुमचं पडणं माझ्या नावावर नको."

न्हाणीच्या दाराकडे बघत कृष्णाबाईंनी सुनेला विचारलं, "आतली कडी लागते ना गं अजून?"

"लागते की."

"मग नंतर लावीन तेल."

"पसंत आहे," फरशी म्हणाली. चोपड्यांनी आणखी पोहे मागितले.

गवंडी आला, फरशी बसली, वाळली. डॉक्टरांनी तिच्याशी दोन शब्द बोलून परवानगी दिली. मग एका सकाळी कृष्णाबाई भिंत धरत आत गेल्या आणि कडी लागली.

बाहेर जयश्री आणि तावरेबाई उभ्या राहिल्या. आतून पाण्याचा आवाजच येईना. जयश्रीचा चेहरा उतरला. हाक मारावी का, असं तिनं खुणेनं विचारलं. तावरेबाईंनी दाराला कान लावला.

"बाहेर दोघी उभ्या आहेत," आत फरशी सांगत होती. "एक टाचा उचलून उभी आहे."

"ती तावरीण," कृष्णाबाई म्हणाल्या. "त्या गेल्या की सांग. मग तांब्या भरते."

तावरेबाईंनी टाचा टेकल्या. जयश्रीच्या कोपराला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळानं न्हाणीत पाणी पडलं.