किल्लीचा चंद्र

बालवाडीच्या प्रदर्शनात ठकीचं आभाळ टांगलं होतं, आणि त्या आभाळात चंद्राच्या जागी चक्क घराची किल्ली चमकत होती.

बाईंनी मुलांना एका शिल्पकाराच्या कामाची चित्रं दाखवली होती. तो तारांना पत्र्याचे तुकडे टांगून हवेत तोलायचा. झालं! ठकीने घरातले डबे बोडके केले. झाकणांचे तारे, मोडक्या चमच्याचा ढग, सगळं जुन्या हँगरला लटकवलं. एक बाजू कलत होती, तिथे टेबलावरची किल्ली अडकवली.

"अगं, टाकाऊ वस्तू आणायच्या होत्या ना?" बाबा कुजबुजले.

"तूच तर रोज कुठेही टाकतोस ती!"

आली का पंचाईत! आई कामावरून दमूनभागून येणार आणि बंद दारात ताटकळणार. बाबांनी खुर्चीवर चढून किल्ली हळूच सोडवली. आभाळ भसकन कललं आणि ढग त्यांच्या टकलावर आपटला. ठकीचा खालचा ओठ बाहेर आला. बाबांना तो अजिबात बघवत नसे.

"थांब, थांब, रडू नकोस!"

टकलाला न जुमानता खिशात वावरणारा कंगवा त्यांनी लावून पाहिला. हलका पडला. मनगटावरचं घड्याळ भलतंच जड. शेवटी स्कूटरची किल्ली लावली, आणि आभाळ डुलत डुलत सरळ झालं. खिडकीतून झुळूक आली. तारे संथ फिरू लागले, भिंतीवर त्यांच्या सावल्या पोहू लागल्या. बाबा खुर्चीवर उभ्या उभ्याच हरवून गेले.

"उतरा आता," बाई म्हणाल्या. "आणि हात लावू नका हं. आठवडाभर असंच राहणार आहे."

बापलेक पायी निघाले. रस्त्यावर दिवे लागत होते, आणि प्रत्येक दिव्याखाली ठकी विचारत होती, "बाबा, हा कशाने तोललाय?" एवढा गंभीर प्रश्न बाबांना कचेरीत कुणी कधी विचारला नव्हता. घर कधी आलं ते कळलंच नाही.

दार आईने उघडलं. आतून!

"तू आत कशी?"

"म्हणजे काय? माझी वेगळी किल्ली नाही का? तुमचा विसरभोळेपणा बघूनच करून घेतली होती. दुसरी किल्ली नाही ती फक्त स्कूटरची! गाडी कुठाय?"

बाबांनी ठकीकडे पाहिलं. ठकीने आभाळाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी आईने किल्लीवाल्याला गाठून स्कूटरची नवी किल्ली करून घेतली. बाबा ती रोज सकाळी, ठकीला सोडायला निघताना, न चुकता, अगदी आठवणीने घरी विसरू लागले.