शाळेला मिळालेला भोंगा

“बारामतीची कंपनी आपल्या शाळेच्या दारात आणून उभी केली न्हाय, तर नावाचा महिपती न्हाय!” पळसदेवच्या पालकसभेत महिपती सरांनी छाती ठोकून सांगितलं. सांगायला काय जातंय! पण कंपनीशी करार झाला नाही तर पोरं भिगवणच्या शाळेत जाणार आणि दहावीचा वर्ग बंद पडणार, या धास्तीनं सर बोलून बसले होते.

कंपनी तयार झाली! दुधाच्या भुकटीची. पोरांना मशीनवर शिकवणार, कारखाना दाखवणार. पण ते सगळं सह्या झाल्यावर. आधी भेट म्हणून आला तो कारखान्यातला जुना भोंगा, शाळेच्या घंटेऐवजी.

सह्यांच्या दिवशी सरांना नवीनच धडकी भरली. सह्या करायला येणाऱ्या कंपनीच्या मॅडमसमोर हा वाजलाच नाही तर? म्हणून त्यांनी आधीच बटण दाबून पाहिलं.

वाजला! असा वाजला की खिडक्या थरथरल्या. सरांनी पुन्हा बटण दाबलं, तर ते अडकलेलं! वायर ओढावी, तर शॉकची भीती. भोंगा आपला बोंबलतोय!

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष धोंडीबा तात्या धापा टाकत आले. “सर, पोरं देवळाकडं न्या! वरच्या धरणातनं पाणी सोडलंय!”

“क... कोण म्हणालं?”

“पाणी सोडताना वाजतो तो भोंगा वरडतोय की! ऐकू येत न्हाय व्हय? सगळा गाव उजनीच्या काठावरनं पाण्याच्या मोटारी काढतोय. बुडाल्या तर ऊस जळंल!”

भोंगा माझाच, असं म्हणायला सरांनी तोंड उघडलं. मग तात्यांच्या हातातली पहार दिसली. तोंड आपोआप मिटलं.

मोटारी काढायच्या म्हणून गावानं वायरमनकडून लाईट बंद करून घेतली, तेव्हा कुठं भोंगा गप झाला. चिखलानं माखलेली माणसं ट्रॅक्टरवर मोटारी लादून वर आली, आणि नेमकी त्यांच्यामधून कंपनीच्या राजेश्वरी मॅडमची गाडी!

“वा, सर!” उतरताच मॅडम कौतुकानं म्हणाल्या. “आमचा भोंगा पार हायवेपर्यंत ऐकू आला!”

सगळ्या माना सरांकडं वळल्या. सर मॅडमच्या मागं सरकले.

“तुमचा भोंगा?” तात्या सावकाश म्हणाले. “व्हय का सर? मग आता सगळ्या मोटारी जाग्यावर बसल्याबिगर माझी सही न्हाय!”

मॅडम ओशाळल्या. त्यांनी बारामतीहून फिटर बोलावले. दहावीची पोरं त्यांच्या हाताखाली नटबोल्ट आवळायला शिकली. पोहता न येणारे सर छातीएवढ्या पाण्यात पाइप धरून रामराम म्हणत उभे राहिले. संध्याकाळी शेवटची मोटार बसली आणि बांधावरच सह्या झाल्या. वर्ग वाचला! सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तोच त्यांचा फोन वाजला. तलाठी होते.

“सर, सरपंच फोन उचलत न्हाईत, म्हणून तुमाला केला. आज रात्री खरंच पाणी सोडणार हायेत. गावाला मोटारी काढायला सांगा.”

सरांनी गावाकडं पाहिलं. गाव नुकताच चहा प्यायला बसला होता.

“मॅडम,” सर हळूच म्हणाले, “बारामतीला निघालाच आहात, तर मलाही घ्या गाडीत. गावाला मी वाटेतून फोन करतो.”