अस्वलाचे कान आणि दहा सेकंद

“बघच तू, महिनाभरात मजुरी खाली आणि माल वर!” मालकाने सकाळी बायकोला बजावलं. गळ्यात नवं कोरं स्टॉपवॉच लटकत होतं. आदल्या दिवशी तो ‘कामाचा वेग कसा वाढवावा’ यावरचं भाषण ऐकून आला होता, आणि असं भाषण ऐकून आलेला माणूस घरात असला की घरच्यांनी जरा जपूनच राहावं.

“आधी चहा तरी संपवा,” बायको म्हणाली.

“चहात वेळ जातो!” म्हणत तो निघाला. दारात आत्या उभीच होती. तिने त्याचे दोन्ही कान धरून सरळ केले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “जा, नीट राहा.” आई लवकर गेली तेव्हापासून, म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवसापासून, हे रोजचं होतं. आता त्याचे केस पिकायला लागले होते, तरी आत्याचा नेम चुकला नव्हता.

“आत्या, उशीर होतोय!” तो तिचे हात झटकत म्हणाला. वास्तविक तीही त्याच्याच गाडीतून कारखान्यात जायची. तिला टाकून तो जाणार तरी कुठे!

कारखाना कापडी अस्वलांचा. कटिंग मास्तर कापड कापायचे, बायका मशीनवर शिवायच्या, कोणी कापूस भरायचं, टाकेवाल्या काकू पाठीवरचे शेवटचे टाके घालायच्या. आणि सगळ्यात शेवटी, खिडकीशी बुटक्या खुर्चीवर, आत्या! तयार झालेलं अस्वल ती मांडीवर घ्यायची, कान सरळ करायची, डोक्यावरून हात फिरवायची, “जा, नीट राहा” म्हणायची आणि खोक्यात ठेवून आवाज द्यायची, “चला, पुढचा!”

मालकाने घड्याळ लावलं. कापणं, शिवणं, भरणं, सगळं झपाझप. आत्याकडे मात्र अस्वलांची ही रांग! एकेकाला ती अगदी निवांत खेळवत होती. घेणारा व्यापारी दर कमी करा म्हणून मागे लागलेला, आणि इथे पगार देऊन अस्वलांचे लाड चाललेले!

“आत्या, एका नगाला दहा सेकंद. जास्त नाही.”

“दहा सेकंदांत काय होतं रे? एक कानसुद्धा धड होत नाही.”

“मग असं कर... तू आता घरी आराम कर.”

“दमले असं मी कधी म्हणाले?”

आत्याने त्याच्या गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. “माझ्यावर लावलं होतंस होय?” ती हळूच म्हणाली. मग खुर्चीवरची आपली गादी उचलून काखेत मारली आणि गेली. इथेच त्याने धावत जाऊन तिला अडवायला हवं होतं. पण तो वाचलेल्या पगाराचा विचार करत होता!

दुसऱ्या दिवशी अस्वलं सरळ खोक्यात जाऊ लागली. संध्याकाळी मालकाने पाहिलं तर खोकी आधीपेक्षा कमी! त्याने पुन्हा पाहिलं, तरी कमीच! तिसऱ्या दिवशी तो आपल्या केबिनच्या काचेआड दबा धरून बसला. टाकेवाल्या काकूंनी शेवटचा टाका घातला, इकडेतिकडे पाहिलं, अस्वल मांडीवर घेतलं, कान ओढले आणि काहीतरी पुटपुटल्या. शेजारचीने आपलं अस्वल घेतलं. आणि पार पलीकडच्या टोकाहून, मिशा फेंदारलेले कटिंग मास्तर उठून आले आणि एक अस्वल छातीशी धरून उभे राहिले!

“मास्तर! तुमचं काम कापायचं!”

“तेच तर, मालक. आपणच कापलेली पोरं. निदान निरोप तरी द्यावा म्हटलं.”

मालकाने भिंतीवर पाटी लावली : ‘माल मांडीवर घेऊ नये.’ झालं! त्या दिवसापासून सगळ्यांना एकाएकी बाथरूमची घाई व्हायला लागली. एक आली की दुसरी गेली. बाहेर ही रांग! पाणी बाधलं असेल, असं मालकाला वाटलं. त्याने अर्धा दिवस काम बंद ठेवून टाकी धुऊन घेतली, डॉक्टर बोलावला. डॉक्टरने सगळ्यांची पोटं तपासली आणि म्हणाला, “ठणठणीत आहेत. तुम्हीच जरा ओढलेले दिसताय.”

ओढलेला तो होताच. घरी आत्याने त्याचा धडा फारच मनावर घेतला होता. ताट वाढलं की ती उठून जायची. ‘जेवलास का?’ नाही, ‘दमलास का?’ नाही. सकाळी दारातही यायची नाही. एकदा तो मुद्दाम उंबऱ्यात रेंगाळला, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, खोकला.

“आत्या, निघतो ग!”

“निघ की. उशीर होईल,” आतून आवाज आला.

“तुम्हीच शिकवलंत,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आणि नेमका त्याच दिवशी व्यापारी कारखाना बघायला आला! मालक त्याला वेगाचं महत्त्व समजावत होता, तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून टाकेवाल्या काकू बाहेर आल्या. ॲप्रनखाली पोट हे एवढं! साठीला टेकलेल्या बाईला या अवस्थेत पाहून व्यापारी गडबडला आणि चटकन खुर्ची पुढे करत म्हणाला, “बसा, बसा! अशा दिवसांत उभं राहू नये!”

काकू लाजून बसल्या. बसताक्षणी ॲप्रनमधून एक तपकिरी कान बाहेर आला. मग दुसरा. मग अख्खं अस्वल व्यापाऱ्याच्या बुटांवर पडलं!

“अच्छा!” व्यापारी म्हणाला. “म्हणजे माल बाथरूममधून बाहेर जातो! आणि तुम्ही म्हणता, मजुरी परवडत नाही!”

“चोरी नाही हो!” काकू रडकुंडीला आल्या. “निरोप देत होते त्याला. आत्या होत्या तेव्हा सगळ्यांना त्या एकट्या द्यायच्या. आता कोणी ना कोणी द्यायलाच हवा ना? पोरांच्या घरी जायचंय त्यांना. तशीच कशी पाठवायची?”

व्यापाऱ्याने ‘कळवतो’ म्हणून पाय काढता घेतला. मालक ते अस्वल उचलून उभाच राहिला. एक पगार वाचवायला गेला आणि अख्खा कारखाना अस्वलं खेळवत बसला, हे त्याला कळलं. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. या सगळ्या परक्या माणसांना आत्या कारखान्यातून गेल्याने काय गेलं, ते कळलं होतं. एकट्या त्यालाच कळलं नव्हतं. आपण फार वाईट वागलो, असं त्याला अगदी पोटातून वाटलं.

संध्याकाळी तो घरी गेला. आत्या खिडकीशी त्याच गादीवर बसून होती. हात रिकामे.

“आत्या, चल ना परत. हवा तेवढा वेळ घे.”

“नको रे बाळ्या.” बऱ्याच दिवसांनी तिने त्याला नावाने हाक मारली. “आता एकेक पिल्लू हातात घेतलं की माझ्या मनातच घड्याळ सुरू होईल. माया करताना ते नाही चालत.”

“चुकलो ग मी.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि लहानपणी पुढे करायचा तशी मान पुढे केली. आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून हातात घेतलं आणि बटण दाबलं. दोन्ही कान सरळ केले. पिकलेल्या केसांवरून हात फिरवला. “जा, नीट राहा,” ती म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले.

टक्!

“झाले दहा सेकंद,” आत्या म्हणाली. “चला, पुढचा!”

त्याच्या मागे कोणीच नव्हतं. अजून थोडा वेळ मिळायला हवा होता, असं त्याला फार वाटलं. पण मागणार कोणत्या तोंडाने? वेळ त्यानेच ठरवून दिला होता!