पुष्पाकाकूंचे ऐंशी तास

पुष्पाकाकू आमच्याकडे येऊन कोथिंबीर निवडून द्यायच्या आणि निघताना सही मागायच्या. वहीत तारीख, वेळ, कामाचं स्वरूप आणि खाली माझी सही. पहिल्यांदा मला वाटलं, बाई थट्टा करतायत. मी हसलो. त्या पेन पुढे धरून उभ्याच.

इकडे परदेशात, एडिसन गावात, आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये त्या राहतात. मूळच्या अकोल्याच्या. नवरा वारल्यावर एका भारतीय किराणा दुकानात भाजी मांडायचं पार्ट टाइम काम धरलं आणि एकटीने मुलाला, निखिलला, वाढवलं. तेवढ्यात भागत नाही म्हणून सरकारी कार्ड आहे, त्यावर किराणा येतो. मूल लहान होतं तोवर कुणी काही विचारलं नाही. मूल मोठं झाल्यावर पत्र आलं: महिन्याला ऐंशी तास काम दाखवा, नाहीतर कार्ड बंद. दुकानवाला साठाच्या वर तास देईना. एखाद्या संस्थेत फुकट केलेलं कामही चालतं, असं ऑफिसात कळलं. माझ्या घरची कोथिंबीर ही संस्था नव्हे, हे काकूंना पटवण्यात माझा आख्खा शनिवार गेला.

शेवटी मी त्यांना आमच्या रविवारच्या मराठी शाळेत घेतलं. तिथला मुख्य मी. दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून. दर रविवारी पाच तास, म्हणजे हिशोब जुळला. पण काकू सरळ सही घेतील तर शपथ. "चहाची आठ मिनिटं वजा करा, भाऊ," म्हणायच्या. दहाच्या शाळेला पावणेनऊला हजर, पण ती वेळ वहीत नाही. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काम नव्हे, हे त्यांचं ठाम मत. हाताला काम उरलं नाही की टोक असलेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक काढायच्या. पोरांच्या पेन्सिली बोटभर उरल्या. पालकांनी तक्रार केली, ती अर्थात माझ्याकडे.

फेब्रुवारीत एका रविवारी बर्फामुळे शाळा कॅन्सल केली. पाच तास बुडाले. मी म्हटलं, मी करतो सही, कोण बघतंय? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खिशात घातलं. बुधवारी त्या आमच्या गराजमध्ये बसल्या, शाळेची पुस्तकं तिथेच असतात, आणि एकूण एक पुस्तकाला कव्हर घातलं. माझ्या गाडीच्या मॅन्युअललाही घातलं. त्याची तीन मिनिटं मात्र वजा केली, ते शाळेचं नाही म्हणून.

अशा बाईच्या फॉर्ममध्ये मला खोटं सापडलं. मार्चमध्ये नूतनीकरणाचा फॉर्म तपासायला त्यांनी मला घरी बोलावलं. घरात राहून एकत्र जेवणारी माणसं किती, या रकान्यात लिहिलं होतं: दोन. निखिल तर ऑगस्टपासून लांब ॲन आर्बरला, तिथल्या कॉलेजात स्कॉलरशिपवर शिकतोय.

मी म्हटलं, काकू, हे चालणार नाही. निखिल इथे राहत नाही.

"सुटीत येतो ना."

मी समजावलं. दोन लिहिलं तर जास्त मिळतं, उद्या ते लबाडी म्हणतील. लबाडी म्हटल्यावर त्या चपापल्या. जास्त मिळतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तुम्ही लिहा बाप्पा. ऐंशीचे दोनशे तास करायला सांगा, करते. घरात एकच माणूस आहे, हे माझ्या हातानं नाही लिहिलं जात."

मी दोन खोडून एक लिहिला. त्यांनी शेजारी सही केली. मला राहवलं नाही. म्हटलं, निखिलला या सगळ्याची कल्पना आहे का? नसेल तर मी फोन करतो, तो काहीतरी मदत करेल.

"नका," त्या म्हणाल्या. "त्याला वाटेल, आपण मोठे झालो म्हणून आईच्या मागे हे लागलं. शिक्षण सोडून परत येईल तो."