घुगे सर आणि एक लांब केस

घुगे सरांना कुणी नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करत नाहीत. खिडकीचा लोखंडी गज दाखवतात, शेजारची लाकडी चौकट दाखवतात आणि म्हणतात, "दोन्हीला हात लावून सांगा. कोणतं गार?"

माणूस हात लावतो आणि म्हणतो, "गज."

"चूक!" सरांना इतका आनंद होतो की समोरच्याला आपण काहीतरी बरोबर बोललो असं वाटतं. "दोघं रातभर एकाच खोलीत राहिलेत. एक जास्त गार कसा होईल? दोन्ही बराबर. लोखंड तुमच्या हाताची ऊब भराभरा ओढून नेतं, म्हणून गार लागतं. लाकूड आळशी हाय."

हा प्रश्न त्यांनी गॅसची टाकी आणणाऱ्याला विचारलाय, मतदार यादीवाल्याला विचारलाय. उन्हाळ्यात प्रश्न तोच असतो, फक्त 'गार'च्या जागी 'गरम' येतं. एकदा सव्वीस जानेवारीला त्यांनी सरपंचांना झेंड्याच्या खांबाला हात लावायला सांगितलं. खांबात करंट उतरलाय असं वाटून सरपंच चप्पल तिथंच सोडून मागे सरले.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या अलीकडं. तिथल्या शाळेत मी आणि कौसा मावशी लहान वर्गांसाठी खिचडी शिजवतो. सर त्याच शाळेत अकरावी-बारावीला विज्ञान शिकवतात. त्यांनी मला पहिल्यांदा गज आणि चौकट दाखवली तेव्हा मी तोंडाला पदर लावून आत पळाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे.

"मथुराबाई, उत्तर राहिलं."

चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. "भाकरी झाली का" हा प्रश्न नसतो. मी हळूच म्हणाले, "गज." सर म्हणाले, "चूक!" आणि मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

मग सर रोजच यायला लागले. एकदा मी पातेल्यावरचं झाकण उचलायला वाकले तर बाहेरूनच ओरडले, "तोंड मागं! वाफ पाण्याहून वाईट हाय!"

कौसा मावशी म्हणाली, "काहून? दोन्ही तितकेच तापलेले असतात, असं तुमीच सांगितलं व्हतं."

"तितकेच. पण वाफेच्या पोटात जास्तीची उष्णता लपलेली असते. वरून दिसत न्हाई. अंगाला लागली, तिचं पाणी झालं, की सगळी तिथंच सोडती."

मावशीनं थोडा विचार केला. "म्हंजी माह्या सासूवाणी."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं वर्गातसुद्धा ते अप्रकट उष्मा शिकवताना कौसाबाईंच्या सासूचं उदाहरण देतात, असं माझी मुलगी सीमा सांगते. मी मात्र त्या दिवसापासून झाकण पलीकडच्या बाजूनं उचलते. माझे हात-तोंड आज नीट आहेत, त्यात सरांचा वाटा आहे.

त्यांचं सगळंच जमतं असं नाही. एकदा त्यांनी ठरवलं, की खिचडीला उकळी आली की पातेलं उतरवायचं, पोत्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरून त्यात दाबून ठेवायचं. ऊब बाहेर जात नाही, खिचडी आपोआप शिजते, लाकूड वाचतं. "फक्त झाकण उघडायचं न्हाई," असं आम्हाला बजावलं. आणि स्वतः दर थोड्या वेळानं येऊन, झाकण उघडून, तापमापक घालून बघत राहिले. दुपारी तांदूळ कच्चा. मुख्याध्यापक चिडले, लेकरांना मुरमुरे वाटावे लागले.

"सर, कोण उघडून राहिलं व्हतं झाकण?" मावशीनं विचारलं.

सर खाली मान घालून म्हणाले, "माणूस शिकलेला असला की त्याला राहवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मावशीनं पातेलं कुटारात ठेवलं आणि पोत्यावर स्वतः बसली. सर दुरूनच घिरट्या घालत होते. खिचडी अशी मोकळी शिजली की आम्ही आजही तसंच करतो.

मास्तर माणूस दिवसभर स्वयंपाकघरापाशी कसा, याचं कारण मला उशिरा कळलं. विज्ञानाच्या वर्गात पटावर पुष्कळ नावं आहेत, पण अलीकडं ती मुलं लातूरला, नांदेडला क्लासला राहतात. इथं फक्त परीक्षेला येतात. खडू खिशात घालून सर वर्गावर जायचे, रिकाम्या बाकांकडं बघायचे आणि आमच्याकडं यायचे. या वर्षी मात्र चार-सहा लेकरं रोज बसतात. ज्यांच्या घरची बाहेर पाठवायची ऐपत नाही, ती. माझी सीमा त्यातलीच. आणि याच वर्षी सर निवृत्त होणार.

दिवाळीनंतर सर एकदम गप्प झाले. गज नाही, चौकट नाही. आले की दारात उभे राहायचे आणि तसेच परत जायचे. सीमा म्हणाली, "उजेडाचा धडा आलाय. सर म्हणतात, सगळ्यात मोठा धडा हाच. पण रोज पुढं ढकलून राहिले."

शेवटी एक दिवस ते आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "मथुराबाई, एक केस पाहिजे होता. लांब. तेल न लावलेला."

मावशीच्या हातातला झारा खाली पडला.

"कुणाच्या डोक्याचा, सर?"

"कुणाच्याही. बाईमाणसाचा. माझं तर तुमी बघताच." त्यांनी टोपी काढून दाखवली. खाली काहीच नव्हतं. "केसावर उजेड पाडून पोरांना दाखवायचं असतं. तार जाड पडते, दोऱ्याला बारीक तंतू सुटलेले असतात. पोरींना मागता येत न्हाई, गावात काय बोलतील."

"आजपर्यंत कोण देत व्हतं?"

"होता घरात," सर म्हणाले आणि निघून गेले.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय, असं वाटेल. आमच्याकडं बाई विंचरल्यावर गळलेले केस बोटाला गुंडाळते, त्यावर थुंकते आणि मगच टाकते. केस दुसऱ्याच्या हाती लागला की करणी करता येते म्हणतात. तसा केसांवर भांडी देणारा येतो, त्याला आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे देतो. मी स्वतः एक डबा घेतलाय. पण गठ्ठ्यात कुणाचा कोणता ते कळत नाही. एकटा केस नावानिशी जातो.

"द्यायचा न्हाई," मावशी म्हणाली. "सर देवमाणूस हाय, मला बी माहीत हाय. पण केस तो केस."

घरी सीमा म्हणाली, "आई, केस न्हाई मिळाला तर सर नुसतं फळ्यावर काढून दाखवतील. पुढच्या वर्षी तर सरच न्हाईत."

मी दुसऱ्या दिवशी लवकर उठले. सकाळी शिकेकाईनं डोकं धुतलं, उन्हात वाळवलं आणि विंचरताना सगळ्यात लांब केस बाजूला काढला. कागदाच्या घडीत ठेवला. सरांच्या हातात द्यायचा धीर झाला नाही, खिडकीत ठेवून आत गेले. सरांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

मावशीनं मला मागोमाग पिटाळलं. "जा, बस तिथं. आन धडा झाला की केस परत आण."

खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला होता. मी मागच्या बाकावर टेकले. सरांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत माझा केस उभा ताणून चिकटवला होता. नरसीच्या यात्रेतून आणलेली लाल उजेडाची कांडी त्यांनी हातात घेतली.

"उजेड म्हंजी नुसते छर्रे असते, तर भिंतीवर काय पडलं असतं?"

"केसाची सावली," सीमा म्हणाली.

"बघा."

भिंतीवर सावली नव्हती. लाल ठिपक्यांची आडवी माळ होती, ठिपका, अंधार, ठिपका, दोन्हीकडं पसरत गेलेली. माझा एवढासा केस, आणि भिंतभर माळ! पाणी खांबाला वळसा घालून पलीकडं भेटतं, तसा उजेड केसाला वळसा घालतो, म्हणून तो लाट आहे, असं सर म्हणाले. मग छताकडं बोट दाखवलं. "आन वरच्या सोलर प्लेटवर हाच उजेड एकेक दाणा होऊन आदळतो, तवा वीज निघते. मग सांगा, लाट का दाणा?"

सरांची नजर फिरत माझ्यापर्यंत आली. "मथुराबाई, तुमाला काय वाटतं?"

अंधार होता म्हणून मी बोलले. "मी माहेरी लई बोलते, सर. इथं मुकी असते. इथले म्हणतील मुकी, तिथले म्हणतील वटवटी. दोघंबी खोटं बोलत न्हाईत."

लेकरं वळून बघायला लागली. सर म्हणाले, "निम्मं बराबर! कुठं बघता त्यावर हाय. पण उजेडाला सासू नसते, मथुराबाई. त्याचं कारण अजून खोल हाय." आणि ते कारण तास संपेपर्यंत सांगत राहिले. मला त्यातलं फारसं समजलं नाही. पण सरांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जात होता, आणि समोर ऐकणारी लेकरं होती.

लेकरं गेल्यावर मी केसासाठी थांबले. सर नखानं चिकटपट्टी सोडवत होते, अगदी जपून. टेबलावर कुंकवाची जुनी डबी होती. मी बघतेय हे बघून त्यांनी ती उघडली. आत कागदाच्या पट्टीवर एकच केस होता. निम्मा काळा, निम्मा पांढरा.

"आमच्या घरच्यांचा," सर म्हणाले. "दरवर्षी वेणी घालताना ताजा काढून द्यायच्या. मग दुखणं आलं. डॉक्टर म्हणाले, औषधानं केस जातील. तवा आधीच बसून लांब लांब निवडून ठेवले त्यांनी. म्हणाल्या, तुमचा धडा अडायला नको. इतकी वर्षं पुरले. एकेक सोडवताना तुटतो बघा. ह्यो शेवटचा. ह्याला चौकटीत लावायचा धीर होईना."

त्यांनी माझा केस माझ्यापुढं धरला. "हा घ्या. तुटला न्हाई."

"असू द्या, सर," मी म्हणाले. "इथंच राहू द्या. पुढच्या मास्तरला बी टक्कल असलं तर?"

सर हसले. मग पाठ फिरवून त्यांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी बराच वेळ पुसत राहिले. मी चादरी काढून घड्या घातल्या आणि पुठ्ठ्याची चौकट कपाटात ठेवून दिली.

"आणला का केस?" मावशीनं विचारलं.

"चुलीत टाकला," मी म्हणाले.

तिला पटलं. मग जळका वास कसा आला नाही, हे विचारायला सर तिथं नव्हते.