बगळा, आवक एक

दारावरची घंटा काही केल्या थांबेना, तेव्हा आवक-जावक कारकुनाने ठरवलं, की आता बस्स. यापुढे साधं राहायचं.

घंटेचं असं झालं होतं, की साडूने सात धुना वाजवणारी घंटा बसवली, म्हणून कारकुनाने नऊ धुनांची आणली. (सोफ्याचंही तेच. साडूचा तिघांचा, म्हणून कारकुनाचा पाच जणांचा. तेव्हापासून नवरा-बायको घरात खेकड्यासारखं आडवं चालत.) नववी धून एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नसे. त्या रविवारी शेजाऱ्यांनी धडाधड खिडक्या लावल्या, आणि स्टुलावर उभं राहून वायर उपटताना कारकुनाच्या डोळ्यांपुढे एकाएकी एक तळं आलं.

तळं खरोखरचं होतं. गावाबाहेर, त्याच्या काठाला, ऑफिसातल्या जुन्या शिपायाचं दोन खोल्यांचं घर रिकामंच पडलं होतं.

"राजीनामा देतो," तो बायकोला म्हणाला. "तळ्याकाठी राहू. भाजी पिकवू. कोणाशी चढाओढ नाही, काही नाही."

"आधी आठ दिवसांची रजा टाका," बायको म्हणाली. "आठ दिवसांत एकदाही भाऊजींशी बरोबरी केली नाहीत, तर खुशाल राजीनामा द्या. केलीत, तर मुकाट्याने परत ऑफिसात."

"पण तुला करमेल का तिथे?"

"माझं मी बघते."

कारकुनाने राजीनामा लिहिला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि पुढच्या रविवारी दोघं मोजकं सामान घेऊन तळ्याकाठी आली.

तिथे दिवस उगवत नसे, हळूहळू पाझरत असे. कारकून पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी. बारीक मासे येऊन अंगठा हुंगून जात. वीस वर्षांची नोंदी करायची सवय, ती सुटणार कशी? पांढरा बगळा उतरला की तो पुटपुटे, "बगळा, आवक एक." उडाला की, "जावक एक." मग वाऱ्याची झुळूक येई आणि तिला क्रमांक देण्याआधीच निघून जाई. एक नोंद राहिली आणि त्याचं त्याला काहीच वाटलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पापण्या जड होत. आपण माणूस आहोत की काठावरचं गवत, हे दुपारच्या सुमारास त्याला नीटसं आठवत नसे. मागच्या वाफ्यात शिपायाने लावलेले मुळे उपटताना बायको गुणगुणत असे. ती गुणगुणते हे त्याला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. (घंटा वाजत असणार, दुसरं काय.) तो अगदी सुखात होता.

सात दिवस असे गेले. आठव्या दिवशी सकाळी साडू आणि मेहुणी नव्या कोऱ्या गाडीतून उतरली.

कारकुनाने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातल्या कागदावर हात ठेवून तो नुसता हसला.

साडूने बूट काढले, मोजे काढले, पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. "साडूभाऊ, हेच खरं जगणं! मला तर उशीही नको." पायरीच्या दगडावर डोकं टेकून तो पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

कारकुनाचा हात कागदावरून निघाला. त्याच्याच पायरीवर! आणि तो स्वतः मात्र आठवडाभर उशी घेऊन झोपला होता. एक नव्हे, दोन!

फाटकाशी दूधवाली बाई आली होती. त्याने दोन्ही उशा तिच्या हातात कोंबल्या. "न्या. आम्हाला लागत नाहीत."

साडूने एक डोळा उघडला. "खाट लागते वाटतं?"

खाट गेली. साडूने बूट देऊन टाकले. कारकुनाने खुर्ची दिली. "इथे वेळ कोणाला पाहायचीय?" म्हणत साडूने घड्याळ दिलं. दूधवाली हातगाडी घेऊन आली. साडूने शर्ट काढला. कारकुनाने शर्ट तर काढलाच, वर घरात जाऊन शेगडी उचलून आणली.

शेगडीवर भाजी होती. तिच्यामागोमाग दोघी बहिणी बाहेर आल्या.

"मी तर आता जेवणही सोडणार!" साडू म्हणत होता.

"मी कालच सोडलं!" कारकुनाने ठोकून दिलं. (काल त्याने तीनदा वाढून घेतलं होतं.)

मग त्याला बायको दिसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे दूधवालीला थांबवलं, खाट, खुर्ची, उशा, नवऱ्याचा शर्ट, शेगडी उतरवून घेतली. साडूचा शर्ट, घड्याळ आणि बूट मात्र बाईंना आवडले होते, ते त्यांनी ठेवून घेतले. नवऱ्याच्या शर्टातला कागद काढून बायकोने वाचला.

"हा राहू दे माझ्याकडे. बी बांधायला होईल. शर्ट घाला, उद्या सोमवार."

"आणि तू?"

"मी राहते इथेच. ताईही राहतेय. अट तुम्हाला होती, मला नव्हती."

"किती दिवस?"

"बगळ्याला विचारून कळवते."

कारकुनाला खरंच रडू आलं. दोघी बहिणी पायरीवर बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. कोणाचे पाय जास्त खोल गेलेत, हे दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही.

गाडी निघाली. मागच्या काचेत तळं लहान लहान होत गेलं. "जावक एक," कारकून पुटपुटला.

"निदान तुम्हाला शर्ट तरी मिळाला," साडू उघड्या अंगाने गाडी हाकत म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "माझ्याजवळ आता तोही नाही."

कारकुनाने खिडकीबाहेर पाहिलं. थोडा विचार केला. आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं.